चांगुणाचा हात

टँकरच्या रांगेत उदगीर जिल्हा होणार की नाही यावर भांडून, घागर खांद्यावर घेऊन ग्यानोबा घरी आला आणि दारातच थबकला. त्याच्या बायकोचा, चांगुणाचा हात एका परक्या पोराच्या हातात होता!

हा नरसिंग, शिरूर अनंतपाळच्या दवाखान्यातला समुपदेशक. गाव थेंबाथेंबाला तरसत होतं आणि चांगुणा टँकरखालच्या ओल्यातच घसरून पडली होती. मोडलेलं हाड कधीच जुळलं, पण पडण्याची भीती काही जाईना, म्हणून तो घरी आला होता.

"आजी, पडल्यापासून किती वेळा वाटलं, आता पडते म्हणून?"

"रोजच वाटतंय की."

"आन् पडलात किती वेळा?"

चांगुणा विचारात पडली... "येकदाबी न्हाई." आणि चक्क लाजून हसली.

ग्यानोबाच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याकडं बघून ही कधी अशी हसली होती?

खरं सांगायचं तर तिच्या पडण्याचं त्याला जेवढं दुःख, तेवढंच सुख होतं. चाळीस वर्षं ती रीतीप्रमाणे त्याच्या चार पावलं मागं चालली. पडल्यावर मात्र भर गल्लीत त्याचा हात धरून चालू लागली—बायका तोंडाला पदर लावून हसल्या तरी! आणि आता हा दीडशहाणा तोच हात सोडवायला आला होता.

"बाबा, तुम्ही सारखं धरता, म्हणून आजीला वाटतं आपण पडणारच. रोज दहा पावलं एकटीनं चालू द्या."

"हाव," ग्यानोबा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी ती सहाव्या पावलावर असताना मुद्दाम ओरडला, "आगं, पडशील!"

चांगुणा मटकन खाली बसली. तीन दिवस बाजेवरून उठली नाही, नुसती रडत राहिली. म्हाताऱ्याचा जीव तीळतीळ तुटला.

"चांगुणा... तुजा पाय सरकला नव्हता. मीच उगं वरडलो. तू बरी झालीस की माजा हात सोडशील, म्हनून..."

ती बाजेवर उठून बसली. "अवो, या वयात? त्या लेकरावर जळताय तुमी?"

"लई!"

बुद्धपौर्णिमेला ती विहारापर्यंत एकटी चालली. ग्यानोबा पुढं होता, मागं न बघता. विहाराच्या दारात सगळी आळी जमली होती. मागून बांगड्या वाजल्या... आणि त्याच्या बोटांत तिची बोटं गुंतली.

"भ्या वाटलं का?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई. भ्या वाटत व्हतं तवा आधार म्हनून धरला," ती म्हणाली, "आज मला धरावा वाटला."