बाजेखालचं गोणपाट

बी तपासल्याशिवाय काकासाहेब पेरणीची तिफण बाहेर काढत नसत. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे दाणे मांडायचे, वळकटी करून सावलीत ठेवायची, तीन-चार दिवसांनी मोड बघायचे. गावात, धावड्यात त्यांच्या या चिकित्सेची थट्टा व्हायची. दुबार पेरणीची पाळी मात्र थट्टा करणाऱ्यांवरच यायची.

यंदा वळकटी बायकोच्या, दैवशालाच्या बाजेखाली गेली. घरात गारवा तिथंच. तिच्या मानेतल्या कॅन्सरच्या गाठीसाठी जालन्याला नुकतीच पहिली केमो झाली होती. काकासाहेबांनी गोणपाट उलगडलं, तर दाणे फुगून तसेच मेलेले. त्याच पोत्यातलं बी शेजारी कचरूकडं भरभरून उगवलं होतं.

"बी बराबर हाये," कचरू म्हणाला. "तुमच्या घरातच कायतरी हाये." चहाला न थांबता तो गेला.

काकासाहेबांना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. भराभर वाढणारी, एकीच्या दोन होणारी पेशी हे औषध गाठतं आणि मारतं. म्हणून गाठीबरोबर केसही जातात, तोंड येतं. औषधाला आपलं-परकं कळत नाही. पण गाठ औषधाला सरावली, तर मग अवघड.

भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी प्रत्येक केमोनंतर ते दाणे भिजवू लागले. घरात दही लागेना, खुराड्यातली अंडी नासली. ते मनातून खूश. दाणे मेलेले दिसले, म्हणजे औषध अजून लागू आहे, की त्यांच्या जिवात जीव यायचा.

"उगवलं का हो?" दैवशाला विचारायची.

"एकबी न्हाई."

मग ती निवांत डोळे मिटायची.

चौथ्या केमोनंतर तिला भूक लागली. डोक्यावर मऊ लव आली. सकाळी ती आपण होऊन उंबऱ्यात ऊन खायला बसली. काकासाहेबांना रडूच आलं.

त्यांनी बाजेखालचं गोणपाट ओढलं. ते येईना.

वाकून पाहिलं. एकूण एक दाणा उगवला होता. मुळं खाली जायची सोडून वर गेली होती, बाजेच्या सुतळीतून थेट उशीत.

त्यांनी दात आवळून हिसका दिला.

"उगवलं का हो?" दारातून तिनं विचारलं.

"एकबी न्हाई."

"मंग बरं." तिनं मान चोळली. "जरा इकडं या. मानेत आतून कायतरी ओढून राह्यलं."

काकासाहेबांनी गोणपाट सोडलं.

"थांबलं," ती म्हणाली.