पारूच्या चहाचा आवाज

“माह्या मालकाचा आवाज चोरीले गेला बाई. आन् चोर घरातलाच हाय.”

खुर्चीच्या काठावर बसलेल्या पार्वताबाई कापगते एवढंच बोलल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. खाजगी गुप्तहेर गुंजन रामटेकेनं त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. तिचे सहकारी धनीराम पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनी जुन्या सवयीनं विचारलं, “किती तोळ्याचा होता?”

गुंजननं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

पार्वताबाईंचे यजमान तेजराम लग्नपत्रिका छापायचे. एकोडी गावातला पहिला कॉम्प्युटर त्यांचाच. विंडोज सुरू होताना जी धून वाजते ती काढून त्यांनी तिथं स्वतःचा आवाज बसवला होता : “पारू, चहा मांड वो!” सगळी एकोडी हसायची. मागच्या वर्षी तेजराम गेले. तेव्हापासून पार्वताबाई रोज सकाळी कॉम्प्युटर लावायच्या, तो आवाज ऐकायच्या आणि मगच चुलीकडे वळायच्या.

“शेवटचा कधी ऐकला, मावशी?”

“खंडेनवमीच्या सकाळी. मंग म्या त्याची पूजा केली, आतून-बाहेरून. ते मले एकेक भाग खोलून समजावून सांगत, तसंच सारं केलं. पूजेच्या दिवशी अवजाराले हात लावत नाई. दसऱ्याले बटन दाबलं, तं पडदा निळा झाला आन् बंद!”

“संशय कोणावर?”

“अश्विनवर. माह्या पोरावर. उन्हाळ्यात त्यानं त्याच्यात लिनक्स का काय तं टाकलं. नवमीच्या सांजेले त्याच खोलीत दार लावून बसला होता. काहून, ते सांगत नाई. म्या चार लोकांत बोलली त्याले, निंघ म्हणली घरातून. आज तो बायकोले घेऊन साकोलीले चालला. आन् जागेश्वर दुकानदार कॉम्प्युटर पुसून कोरा करून देतो म्हणते.”

“आजच?”

“दुपारी.”

गुंजननं स्कूटरची किल्ली उचलली.

एकोडीत कापगत्यांच्या दारात दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या. आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर झेंडूचा हार वाळून गेला होता. डब्याच्या कपाळी कुंकवाचा टिळा होता, आणि मागच्या बाजूच्या स्क्रूंवरही कुंकवाची बोटं उमटली होती. धनीरामांनी आधी हात जोडले, मग तपासाला लागले.

अश्विन उभाच होता. “मी बाबांच्या विंडोजला हात नाई लावला. एकाच डिस्कचे दोन भाग केले, एकात ते, एकात लिनक्स, विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम. सुरू करताना निवडायचं. पाच महिने दोन्ही चाललं.”

“नवमीला इथं काय करत होता?”

त्यानं दाराकडे पाहिलं. “रडत होतो. बाबांशिवाय पहिली नवमी होती. आईसमोर रडलो असतो तर तिले कोण सावरणार होतं?”

त्याची बायको हर्षा स्वयंपाकघरात मैदा मोजत होती. केकची ऑर्डर होती. जायच्या दिवशीही हात चालूच! “मले ते कॉम्प्युटरचं टेबल केकसाठी पाहिजे होतं, खरं हाय,” ती डिजिटल वजनकाट्यावरून नजर न काढता म्हणाली. “पण मामंजींचा आवाज मलेही आवडे. माहेरी फोन केला की ऐकवायचो मी.”

तेवढ्यात जागेश्वर आला. हातात पिशवी, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. “डिस्क गेली मॅडम. पडदा निळा म्हणजे डिस्क गेली. फॉर्मॅट मारतो, नाई तं नवीन घ्या. स्वस्तात देतो.”

“आत उघडून पाहिलंत?”

“उघडायले काय हाय त्याच्यात?”

गुंजननं स्वतः कॉम्प्युटर सुरू केला. विंडोज निवडलं, तर निळा पडदा आणि अंधार. लिनक्स निवडलं, ते सुरळीत उघडलं. कोपऱ्यात तारीख होती : १ जानेवारी २००९.

“मॅडम,” धनीराम कुजबुजले, “गुन्हा लयच जुना हाय!”

गुंजन हसली. “उलट, अगदी ताजा आहे. सगळ्यांना बोलवा. हर्षाताईंना म्हणावं, तो काटाही घेऊन या.”

सगळे जमले. पार्वताबाई मुलापासून लांब, भिंतीला टेकून बसल्या.

“डिस्क गेलेली नाही,” गुंजन म्हणाली. “गेली असती, तर त्याच डिस्कवरचं लिनक्स कसं चाललं असतं? अश्विननंही काही पुसलेलं नाही. त्याच्या लिनक्सनं घोळ घातला असता, तर पाच महिन्यांआधीच घातला असता. खरी साक्ष त्या तारखेची. कॉम्प्युटर तारीख विसरला. का विसरला? आतल्या बोर्डावर एक गोल, चपटा सेल असतो. वायर काढली तरी तारीख आणि काही सेटिंगा तो सेल जपून ठेवतो. तोच बंद पडला, तर त्या सेटिंगा कारखान्यातून आल्या तशा होतात.”

“पण मंग लिनक्स?” जागेश्वरनं खर्रा गालात सरकवला.

“डिस्कशी जुन्या पद्धतीनं बोलायचं की नव्या, हीसुद्धा त्यातलीच एक सेटिंग. काकांच्या जुन्या विंडोजला फक्त जुनी पद्धत कळते, म्हणून त्यांनी ती लावून ठेवली होती. सेल गेला, सेटिंग नव्या पद्धतीवर गेली. लिनक्सला दोन्ही कळतात. त्याला फरक पडला नाही. विंडोज मात्र निळं पडलं.”

“पन सेल नेमका नवमीलेच कसा गेला?” धनीराम.

गुंजननं वायर काढली, स्क्रू फिरवले. डब्यात धुळीचा कण नव्हता. तिनं सेल काढून तळहातावर धरला. त्याच्या कडेला हळद बसली होती.

ती पार्वताबाईंसमोर खाली बसली. “मावशी, काकांनी हा सेल दाखवून तुम्हाला काय सांगितलं होतं?”

पार्वताबाईंचा चेहरा उतरला. “याचा जीव याच्यात हाय म्हणत. म्हणून म्या वायर काढली, याले बाहेर काढलं, दूध-पान्यानं धुतलं, हळद-कुंकू लावलं, आन् जागच्या जागी ठेवलं.” त्या थांबल्या. “म्हंजे म्याच…”

धनीरामांनी टोपी काढून हातात घेतली.

हर्षानं काटा उलटा केला आणि त्यातला तसाच गोल सेल काढून गुंजनला दिला. “घ्या. केक आज अंदाजानं करतो.”

गुंजननं सेल बसवला, सेटिंग जुन्या पद्धतीवर आणली, विंडोज निवडलं. पडद्यावर विंडोजची हिरवी टेकडी, निळं आभाळ. स्पीकर जरासा खरखरला.

“पारू, चहा मांड वो!”

“मांडतो जी,” पार्वताबाई बोलून गेल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. अश्विन जवळ आला. त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

“बापू, चार लोकांत बोलली म्या तुले. आता त्याच चार लोकांत सांगतो, चूक माही होती. बॅगा आत ने.”

अश्विननं बॅगा उचलल्या. पार्वताबाईंनी डोळे पुसले, चुलीकडे गेल्या आणि यजमान गेल्यापासून पहिल्यांदाच चहाचं मोठं पातेलं काढलं.