मागचं डावं चाक

गाडी चार लोखंडी घोड्यांवर टेकवून जमिनीपासून वर उचललेली होती. इंजिन केव्हाच काढून कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं होतं. धूळ नको म्हणून गॅरेजचं शटर बंद होतं आणि वरच्या झरोक्यातून दुपारचं ऊन थेट टपावर पडत होतं.

मागच्या डाव्या चाकापाशी मास्तरीण सतरंजीचा तुकडा टाकून बसली होती. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते म्हणून दादा बहिणीला मास्तरीण म्हणायचा. तो स्वतः स्टिअरिंगमागे बसला होता, ब्रेकवर पाय ठेवून. एकोणीस वर्षांत तो कुठल्याही गाडीत त्या जागी बसला नव्हता.

एकोणीस वर्षांपूर्वी बाबा हीच गाडी घेऊन टेकडीच्या उतारावरून निघाले होते. गाडी थांबली ती खालच्या गोदामाच्या भिंतीला. आदल्या संध्याकाळी ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून दादाने हाताशी होतं ते इंजिनाचं ऑइल ओतलं होतं. हे त्याने कुणापाशी बोलायला गेला महिना उजाडला.

"इंजिनाच्या ऑइलने ब्रेकमधलं रबर फुगतं," ते ऐकल्यावर तिने सांगितलं होतं. "बाकीच्या चाकांचे ब्रेक भंगारात गेले. हा एक मूळचा आहे. पिस्टन काढू, रबर बघू. फुगलं नसेल तर तू सुटलास."

"आणि फुगलं असेल तर?"

"तर तेही कळेल."

आता ते चाक आणि त्यामागचा ड्रम उतरवलेला होता. आत कमानीसारखे दोन ब्रेक शू, आणि त्यांच्यामध्ये अंगठ्याएवढा सिलिंडर. पिस्टन त्यातच गंजून बसला होता. बाकीच्या चाकांचे पाइप बंद करून नवं ऑइल भरलं होतं. पेडल दाबलं की त्या जोरावर पिस्टन सरकायला हवा होता.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

अर्धा तास हेच चाललं होतं.

"माझ्यावर गेलाय हा," दादा आतून म्हणाला. "शाळेत मीही बाकावरून असाच हलायचो नाही."

"तू निदान मधल्या सुट्टीत हलायचास. पाय काढ, मी पाइप सोडवते. मागून ग्रीस दाबून बघू."

पाना फिरला. पाइपातलं ऑइल बशीत गळलं आणि थांबलं. आता पेडलचा आणि या चाकाचा काहीएक संबंध उरला नव्हता.

तेवढ्यात ब्रेक शू बाहेर सरकला.

केसभरच. पण तिने तो सरकताना पाहिला.

"दाबू नकोस रे."

"कोण दाबतंय? मी मांडी घालून बसलोय."

गंज मोकळा झाला की दबलेला धातू सरकतो, तिने स्वतःला समजावलं. शूवर अंगठा ठेवून तो आत लोटला. तो गेला. मग परत आला, सावकाश, तिच्या अंगठ्यासकट. तिने जोर लावला, समोरूनही लागला. त्या जोरात एक बारीक थरथर होती. स्प्रिंग अशी थरथरत नाही. खूप वेळ ताणून धरलेला पाय थरथरतो.

तिने हात काढून घेतला. वाकून, दाराच्या फटीतून आत पाहिलं.

दादा खरोखरच मांडी घालून बसला होता. पेडल तळाला टेकलेलं होतं.

दादाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "सोडा, बाबा."

शू मागे गेला. सिलिंडरातून पिस्टन आपणहून सरकत तिच्या तळहातात पडला. कोमट होता.

त्यामागचं रबर मऊ, बुळबुळीत आणि दुपटीने फुगलेलं होतं.

"काय गं? निघाला?"

तिने रबर उलटंपालटं करून पाहिलं.

"मास्तरीण, सांग ना. जे असेल ते सांग."

तिने रबर मुठीत दाबून धरलं. आयुष्यभर तिने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता.

"गंज आहे नुसता," ती म्हणाली. "रबर चांगलं आहे. तुझा दोष नव्हता, दादा."

आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

तिच्यासमोर, उतरवलेल्या चाकाचे उघडे बोल्ट फिरायला लागले.

आधी सावकाश. मग पुढचं चाकही. मग पलीकडची. इंजिन नसलेली गाडी घोड्यांवर स्थिर होती, आणि ते बोल्ट व उरलेली तीन चाकं पुढच्या दिशेने वेग घेत होती.

"दादा, खाली उतर."

"दाबतोय गं," तो म्हणाला. आवाज वेगळाच, घाईचा. "पूर्ण दाबलंय. थांबत नाहीये."

ती धावत खिडकीशी गेली. मघाशी फट असलेलं दार आता घट्ट मिटलं होतं. तिने खटका खेचला. दार हललं नाही.

दादाने दोन्ही हात ताठ करून स्टिअरिंग धरलं होतं. तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो बंद शटरकडे बघत होता, आणि त्याचं डोकं हळूहळू मागे, सीटच्या पाठीत दबत चाललं होतं.