हिरवा दिवा खोटं बोलत नव्हता

आमच्या घरात नखांना रंग कुणीच लावत नाही. आई मावशीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेलेली, मला असले नखरे आवडत नाहीत आणि आमच्या गंप्याला, म्हणजे घरकाम करणाऱ्या यंत्रमानवाला, नखंच नाहीत. मग नखांचा रंग पुसायच्या द्रावणासारखा वास येत होता कुठून? मी कपाटं हुंगली, मोरी हुंगली. शेवटी बाबा माझ्या वेणीतली गाठ सोडवायला वाकले तेव्हा कळलं, वास त्यांच्या श्वासाला येत होता.

बाबा मंगळवेढ्याला ज्वारीचे नवे वाण तयार करतात. चंद्रावरच्या काचघरात पहिली ज्वारी पेरायला त्यांची निवड झाली होती. त्यांना मधुमेह आहे, पण त्याचं आता कुणाला फारसं काही वाटत नाही. मनगटावरचा पट्टा रक्तातली साखर मोजत राहतो आणि सगळं ठीक असलं की हिरवा दिवा लावतो. भानगड दुसरीच होती. यानात माणूस आणि त्याचं सामान मिळून किती वजन न्यायचं, हे ठरलेलं होतं. बाबांनी डोकं चालवलं की आपण हलके झालो तर तेवढं बियाणं जास्त जाईल. झालं! भाकरी बंद, भात बंद, डाळ आणि फळंसुद्धा बंद. नुसती अंडी, पनीर आणि मटण. पहिल्याच आठवड्यात वजनकाटा भराभर उतरला आणि स्वारी खूश.

मग त्यांना मळमळायला लागलं. जिना चढताना धाप लागायची, मधेच पोट धरून बसायचे.

"आजोबांना सांगू नकोस," ते मला म्हणाले. "उड्डाणाआधी आजारी दिसलो तर माझी जागा जाईल. वचन दे."

मी दिलं. मूर्खासारखं दिलं.

आजोबा म्हणजे आईचे वडील. आई नाही म्हणून ते आमच्याकडे राहायला आले होते. आयुष्यभर जीवरसायनशास्त्र (शरीरात चालणाऱ्या रासायनिक क्रियांचं शास्त्र) शिकवलेला माणूस, पण जुन्या वळणाचा. जावयाला आग्रह करकरून वाढायचं, तो का जेवत नाही हे मात्र विचारायचं नाही. ताटातली भाकरी तशीच राहिली की ते नुसते खाकरायचे. मला दोघांचाही राग यायचा.

मी गंप्याला विचारलं. त्यानं पट्टा तपासला आणि साखर उत्तम आहे, काळजीचं कारण नाही, असं गोड आवाजात सांगितलं. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच.

रविवारी दुपारी बाबांना उलट्या सुरू झाल्या. ते पलंगावर पडून खोल आणि भरभर श्वास घेत होते, छातीचा नुसता भाता झाला होता. पट्टा हिरवाच. सांगितलं तर बाबांचा चंद्र जाणार होता. आणि नाही सांगितलं तर बाबाच गेले म्हणजे? मी धावत आजोबांकडे गेले आणि वास, उलट्या, वचन, सगळं एका दमात ओकून टाकलं.

ते एवढंच म्हणाले, "लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू आहे ना त्यांची?"

मी मान डोलावली. आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी गंप्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगितली.

दवाखान्यात बाबांना आत नेलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. हिरवा दिवा खोटं का बोलला, असं मी विचारलं.

"खोटं नाही बोलला," आजोबा म्हणाले. "त्याला फक्त साखर मोजायला शिकवलंय. त्यानं साखरच मोजली."

मग त्यांनी मला नीट समजावलं. भाकरी-भातातल्या पिष्टमय पदार्थांची पोटात साखर होते. थोडी साखर शरीर ग्लायकोजेन (साखरेची साठवण) म्हणून यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्या साठ्याबरोबर बरंच पाणीही धरून ठेवतं. भाकरी बंद केली की साठा संपतो आणि पाणी निघून जातं. म्हणजे पहिल्या आठवड्यात उतरलं होतं ते बरंचसं पाणीच. मी म्हटलं, हात्तिच्या.

साठा संपला की यकृत चरबीपासून कीटोन (आम्लधर्मी इंधन) बनवतं. त्यातलाच एक श्वासावाटे बाहेर पडतो, तोच तो वास. निरोगी माणसात इन्सुलिन (साखर पेशींत शिरायला मदत करणारं संप्रेरक) कीटोनना आवर घालतं. त्यालाही या आहारात डोकेदुखी, बद्धकोष्ठता, थकवा असे त्रास होऊ शकतात, पण सहसा तेवढ्यावर भागतं. बाबांचं तसं नव्हतं. जेवणात साखर नाही, होती तीही गोळीनं बाहेर, त्यामुळे इन्सुलिन फार कमी पडलं. कीटोन साचत गेले, रक्त आंबट होत गेलं, आणि साखर मात्र बरोबर दिसत राहिली. गोळी चालू असताना आहारात असा बदल करायचा तर आधी डॉक्टरांना विचारायला हवं होतं, असं आजोबा म्हणाले. डॉक्टरांनी बाबांना सलाईनमधून साखर आणि इन्सुलिन दोन्ही द्यायला सुरुवात केली होती: इन्सुलिननं कीटोन बनायचे थांबतात, आणि त्यानं रक्तातली साखर फार खाली जाऊ नये म्हणून बरोबर साखर. साखरेच्या आजाराला साखर देतात, हे ऐकून मी चाट पडले.

सकाळपर्यंत बाबांचा धोका टळला. ते आजारी पडल्याचं कळताच जागा मात्र गेलीच, ती त्यांच्या सहकारी रोहिणीताईंना मिळाली. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

शेवटी आजोबाच पलंगाशी गेले. "जावईबापू, आजवर तुम्हाला उलट शब्द बोललो नाही. आज बोलतो. यान अर्ध्या वाटेवरून परत फिरत नसतं. तिथं हिरवा दिवा बघत तुम्ही मेला असता."

बाबा उठून बसले. मग त्यांनी मोहिमेच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. यापुढे मोहिमेतला प्रत्येक पट्टा कीटोनही मोजेल, असं तिकडून कळलं. बियाणं किती खोल पेरायचं, हे रोहिणीताईंना ते आता पडद्यावरून शिकवणार आहेत, आणि पुढच्या वर्षीच्या यानासाठी पुन्हा अर्ज करणार आहेत.

फोन ठेवून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आणखी एक वचन दे," ते म्हणाले. "मी तुला परत असलं वचन मागितलं तर ते द्यायचं नाही."

हे वचन मी लगेच दिलं, आणि मग त्यांच्या कुशीत शिरून खूप रडले.