रविवारचा पाठलाग

पुनमने स्कार्फ नाकापर्यंत ओढला, केळीच्या गोदामाच्या भिंतीला धरून एक पाऊल मागे सरकली आणि — थेट कुणाच्या तरी पायावर उभी राहिली.

"सँडल बरी आहे तुझी," मागून हळू आवाज आला. "छान टोचते."

ती गर्रकन वळली. तोही तिच्यासारखाच, तोंडाला रुमाल बांधून लपलेला. फक्त डोळे दिसत होते. डोळे बरे होते... पण धुळ्याच्या देवपूरहून जळगावपर्यंत एसटीच्या मागच्या सीटवर दडून पप्पांचा पाठलाग करणारी मुलगी डोळ्यांना थोडीच भुलणार?

"इथं काय करतोयस?"

"तू काय करतेयस?"

"मी आधी विचारलं."

"पाय माझा तुडवला गेलाय."

शेवटी तिनेच सांगून टाकलं. सलग पाचवा रविवार. पप्पा, म्हणजे धुळ्याच्या जुन्या रॉक बँडचे गिटारवाले हितेंद्र, केसांना कलप लावून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून 'ऑफिसच्या कामाला' निघतात. मम्मी गप्प गप्प असते. आणि मघाशी या गोदामाचं दार त्यांना एका बाईने उघडलं. हसत हसत.

"ती माझी कामिनीआत्या," तो म्हणाला. हसरे डोळे एकदम गार झाले. "तिने मला वाढवलंय. रविवारी कुठे जाते, तेही सांगत नाही हल्ली. तुझ्या पप्पांनी तिला फसवलं ना, तर..."

"पप्पांनी? तिने दार कसं उघडलं ते बघितलंस?"

"मग कसं उघडायचं? लाथ मारून?"

तिला हसू फुटलं. स्कार्फ होता म्हणून निभावलं. तेवढ्यात भिंतीतून तिच्या पाठीत काहीतरी धडधडलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं... आणि दार ढकललं.

केळी पिकवायची रिकामी खोली. बाहेर रणरणतं ऊन, आत गारवा. जळगावच्या एका बँडची ड्रमर असलेली कामिनीआत्या ड्रमवर, एक टकलू काका की-बोर्डवर, आणि डोळे मिटून गिटार वाजवणारे पप्पा. त्यांनी डोळे उघडले अन् चेहराच उतरला.

"पुनम... तोतारामला सांगू नको."

पुनम बघतच राहिली. तोतारामकाका म्हणजे पप्पांच्या बँडमधले बास गिटारवाले, पंचवीस वर्षांचे जोडीदार. म्हणजे पप्पा त्यांच्या पाठीमागे दुसऱ्यांबरोबर नवा बँड काढत होते!

"मम्मीला माहितेय?"

"शर्टला इस्त्री कोण करतं? तिच्या पोटात काही राहत नाही, म्हणून बोलतच नाही बिचारी."

"मग लावा काकांना फोन. हेही फसवणंच झालं, पप्पा."

पप्पांनी फोन लावला. स्पीकरवर त्यांनी सगळं सांगितलं. मग गिटारच खाली ठेवली.

"तठे बास कोन वाजाडस?" काकांनी अहिराणीत विचारलं.

"कोणीच नाही, भाऊ."

"मंग पुढला रविवारले मी येस."

पप्पा डोळे पुसायला वळले. पुनम हळूच बाहेर आली, मागोमाग तो. त्याने रुमाल सोडला.

"प्रशील. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष," तो बुटांकडे बघत म्हणाला. "आता सगळं कळलंच. म्हणजे... तू काही परत येणार नाहीस."

तिचा संशय पुन्हा जागा झाला. "मी यायला हवं आहे की नको?"

"हवं आहे."

इतकं सरळ उत्तर! वाद घालायला काही उरलंच नाही.

"मग नीट विचार ना. बुटांना काय विचारतोस?"

त्याने मान वर केली. कान लालबुंद. "येशील? माझ्यासाठी?"

"पुढच्या रविवारी साडेनऊला इथल्या एसटी स्टँडवर ये. पप्पाही असतील, घाबरायचं नाही. आणि उशीर केलास ना, तर..." ती थांबली. त्याच्याकडे बघत राहिली.

"तर?"

"तर थांबेन मी."