आयेच्या खडपाचं पाणी

"मला देवगड, शहाण्णव सालचं," टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "आणि आमच्या ह्यांना अलिबाग. दोन हजार पाचच्या आधीचं बघा, नंतरचं ह्यांना सोसत नाही."

"अलिबाग जरा लाजरं असतं हं," रेयांश वैती गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "फोडताना तोंडं फिरवा, म्हणजे गोड लागतं."

दोघांनी मुकाट्याने माना वळवल्या. रेयांशने लोखंडी आकडी शिंपल्याच्या फटीत घातली, मनगटाला एक झटका दिला आणि कालव उघडलं. कच्चं, थरथरतं, आपल्याच पाण्यात बसलेलं. वर लिंबाचे दोन थेंब. बाईंनी ते घशाखाली सोडलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "अहाहा. आजोळ!"

बाईंचं आजोळ नागपूरला होतं. पण चौसष्टाव्या मजल्यावर असलं कोण विचारतो?

सन २०८१ चालू होतं. काचेबाहेर वरळीचा समुद्र पसरला होता, पण तो फक्त बघायचा. त्यात पाय बुडवायला पस्तीस वर्षं बंदी होती, त्यातलं काही खाणं तर लांबच. तरी मुंबईच्या बड्या हॉटेलांत कच्च्या कालवांची चैन जोरात होती, आणि ती चालली होती एका शोधावर. त्याचं नाव जलठसा, म्हणजे पाण्याचा ठसा.

गोष्ट सोपी आहे. कालव रोज आपल्या शिंपल्यावर एक पातळ थर चढवतं. त्या दिवशी पाण्यात जे असेल, मीठ, ऊन, शेवाळ, माती, ते सगळं त्या थरात बसतं. शिंपला म्हणजे कालवाची रोजनिशीच. जुना शिंपला दळून यंत्रात घातला की यंत्र एकेक दिवस वाचतं. मग त्याच मापाचं पाणी टाकीत बनवायचं, आणि त्या पाण्यात तीन आठवडे नवीन कालव वाढवायचं. समुद्र मेला तरी त्याची चव ताटात येते. मोल एकच: शिंपल्याची पूड होते. तो परत मिळत नाही.

रेयांशचं वय चोपन्न. नाव आजोबा-छाप. त्याच्या पिढीत गल्लीगल्लीत रेयांश होते, आता पोरं ऐकून हसायची. हॉटेलात तो कालवं फोडायचा आणि जुने शिंपले शोधून आणायचा. म्हणजे सांगायचा तसं. गिरगावातल्या एका पडक्या घाणीतून, जिथे पूर्वी शिंपल्यांचा चुना व्हायचा, त्याने पोतंभर शिंपले उचलले होते. तेच आज वेंगुर्ला व्हायचे, उद्या गुहागर. यंत्राला मीठ कळतं, गाव कळत नाही.

रोज दुपारी घरी जाऊन तो हे सगळं आयेला सांगायचा आणि बशीतला चहा सांडेपर्यंत दोघं हसायची.

आये, म्हणजे दर्शना वैती, ब्याऐंशीची. हल्ली जेवण सुटलं होतं. दोन घास खायची आणि ताट सारायची. "तोंडाला चव नाय रं," म्हणायची. "खडपावरचं एक कालव मिळालं असतं, तर मी उठून नाचले असते."

तरुणपणी ओहोटीला ती खडपांवर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, उतरायची, कालवं फोडायची आणि पाटी भरता भरता चारदोन तिथंच तोंडात टाकायची. तिच्या फळीवर त्यातला एकच शिंपला उरला होता. रेयांश दोन वर्षांचा असताना त्याचा बापूस, हर्षद, होडीसकट गेला. शिंपला त्याच आठवड्यातला. त्याला कुणी हात लावायचा नाही, एवढं रेयांशला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्याने हात लावला, आयेच्या त्या एका कालवासाठी. आये शेजारी गेली होती तेव्हा शिंपला खिशात टाकला, आणि एका बिल्डरच्या वाढदिवसासाठी वेंगुर्ल्याची टाकी भरायची होती, तिच्या दळणाच्या डबीत एकटाच ठेवून दिला.

तीन आठवडे आये रिकाम्या फळीकडे बघत राहिली. "कुठं गेला रं?"

"फिरायला गेलाय. येताना भावंडं घेऊन येईल."

बिल्डरच्या पाहुण्यांनी आयेचं खडप खाल्लं आणि "वा, अस्सल वेंगुर्ला!" म्हणून टाळ्या दिल्या. रेयांशने सहा कालवं डब्यात लपवली आणि घर गाठलं. आयेसमोर बसून फोडली. 

आयेने एक तोंडात घेतलं. चावलं. आणि तिचा चेहरा दार लावून घ्यावं तसा मिटला.

"हे कुठलं पाणी आणलंस?"

"आपलंच गं. तुझा शिंपला दळून..."

"माझा शिंपला दळलास?" तिने ताट सारलं. "आणि वर हे असलं माझ्या पुढ्यात ठेवतोस? लोकांना फसवतोस, हसले मी. मला पण गिरगावच चारतोस, मेल्या?"

"आये, तुझी शप्पथ!"

"माझी शप्पथ तू रोज त्या हॉटेलात खातोस. तूच सांगितलंयस मला."

ते खरंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलत होता आणि ते ऐकून घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तो हॉटेलच्या प्रयोगशाळेत डॉ. शर्वरी गद्रेंसमोर उभा राहिला. बाई चाळिशीच्या, कडक, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्याने सगळं कबूल केलं. चुन्याची घाणी सुद्धा.

"मला वाटलंच होतं," डॉक्टर म्हणाल्या. "गेल्या वर्षी तुमच्या गुहागर आणि रत्नागिरीच्या शिंपल्यांत एकच पूर निघाला होता."

"मॅडम, नोकरी घ्या, पण एवढं सांगा. शिंपला आयेचाच होता, मग पाणी तिचं का नाही?"

त्यांनी यंत्राच्या पडद्यावर आकडे लावले. "कारण आम्ही गाळणी लावतो. पाण्यात मैला, साबण, तेल, जी काही घाण असेल ती वगळून उरलेलं पाणी बनवतो. नाहीतर परवाना मिळत नाही. भाऊ, तुमच्या आईच्या काळात समुद्र काही स्वच्छ नव्हता. लोकांना वाटतं तसा तो कधीच नव्हता. आम्ही जो विकतो ना, तो कुणीच खाल्लेला नाही."

"माझ्या शिंपल्यात काय घाण होती?"

"डिझेल. खूप. जवळजवळ रोजच्या थरात. अगदी शेजारी होडी चालू करत असणार कुणी." मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "एक गंमत बघा. शेवटच्या चार थरांत डिझेल नाहीच. एकदम स्वच्छ. होडी विकली होती का?"

रेयांशने पडद्यावरचे ते चार थर मोजले. बापूस गेला तेव्हा आये चार दिवस खडपावर बसून होती, हे त्याने आत्याकडून ऐकलं होतं. पाचव्या दिवशी बायकांनी तिला उचलून घरी आणलं, तेव्हा तिच्या मुठीत एक कालव होतं.

म्हणजे डिझेल गाळलेलं पाणी हे आयेसाठी बापूस नसलेल्या त्या चार दिवसांचं पाणी. तेच त्याने आयेच्या ताटात वाढलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, आणि आवाजात मस्करीचा मागमूस नव्हता, "आकडे आहेत ना अजून? गाळणी काढा. आणि ते चार दिवस तेवढे गाळा."

"बेकायदेशीर आहे. आणि घाण लागेल."

"आयेला लागू द्या की."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सहाच देईन. यादीत येणार नाहीत. आणि चुन्याची घाणी आजपासून बंद."

पुन्हा तीन आठवडे. आये त्याच्याशी कामापुरतं बोलायची. दुपारचा चहा दोघं आपापल्या कोपऱ्यात प्यायची. बशीतला चहा आता सांडत नव्हता.

मग एका दुपारी तो डबा घेऊन आला.  एक कालव फोडलं आणि तिच्यापुढे धरलं. लिंबू पिळलं नाही.

उग्र वास खोलीभर झाला. आयेने नाकाशी धरलं आणि तशीच राहिली. मग तोंडात टाकलं, हळूहळू चावलं, गिळलं, आणि तिच्या सुरकुत्यांतून पाणी वाहायला लागलं.

"एका दोरीत कधी चालू झाली नाय ती होडी," ती म्हणाली. "तीनदा ओढायचा. सगळा धूर माझ्या अंगावर. मी शिव्या द्यायची, तर मुद्दाम आणखी जवळ आणायचा, हसत. तुझ्यासारखाच हलकट." तिने दुसरं उचललं. तिसरं. कित्येक दिवसांची भूक होती. "तू पण खा."

रेयांशने एक तोंडात टाकलं. डिझेल, साबण, गटार, सगळं एकदम नाकात चढलं. जिभेने आपणहून बाहेर ढकललं आणि तो फरशीवर थुंकला.

आये खायची थांबली.

"थुंकलास?" ती हळूच म्हणाली. "तुझा बापूस होता तो."

 मग रेयांश खाली वाकला, फरशीवरचं ते कालव बोटांनी उचललं आणि नळाकडे निघाला.

"रेयू," मागून आये म्हणाली. "धुऊ नको."