पाठीवरचा नंबर, पोटातला नंबर

"हलवू नकोस, आधीच अक्षरं मुंगीएवढी आहेत," गप्पू म्हणाला.

ताईचा लॅपटॉप उशीवर पालथा पडला होता. गप्पू मोबाइलच्या उजेडात त्याच्या पाठीवरचं लेबल वाचत होता आणि टिकली तळहातावर पेनाने लिहून घेत होती. गप्पू शेजारचा. त्याची जीभ फक्त जेवताना थांबते, तीही नाइलाजाने. तिसरा चष्मिस, म्हणजे टिकलीचा वरच्या मजल्यावर राहणारा चुलत भाऊ. सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम याच खोलीत होता.

या उद्योगाला कारणही तसंच होतं. टिकलीची ताई कॉलेजात अ‍ॅनिमेशन शिकायची. मध्यंतरी तिचा लॅपटॉप एकाएकी बंद पडला. काकांनी, म्हणजे चष्मिसच्या बाबांनी, तो ओळखीच्या माणसाकडून दुरुस्त करून आणला. "आतलं सगळं पुसावं लागलं," असं म्हणून ते मोकळे झाले. ताईचं वर्षभराचं काम गेलं. ती रडली आणि पुन्हा पहिल्यापासून करायला बसली. पण आता लॅपटॉप इतका रखडायचा, की पडद्यावरच्या मांजराने एक पाऊल टाकेपर्यंत ताईची आंघोळ उरकायची. शनिवारपर्यंत फिल्म दिली नाही तर तिचं वर्ष वाया जाणार होतं.

टिकलीच्या बाबांनी तर निकाल देऊनही टाकला होता. "एक मशीन नीट वापरता येत नाही, मग हे शिक्षण हवं कशाला? साधं काहीतरी शिक." मोठ्या माणसांचं हे असंच असतं. शिक्षा आधी ठरते आणि चौकशी राहूनच जाते.

"मॉडेल कोणतं?" चष्मिसने विचारलं. त्याच्या मांडीवर त्याचा स्वतःचा लॅपटॉप होता. परीक्षेत चांगले गुण मिळाले म्हणून काकांनी नुकताच घेऊन दिलेला, ताईच्याच कंपनीचा आणि दिसायलाही अगदी तसाच.

"काळं," गप्पू म्हणाला.

"तो रंग झाला, शहाण्या. आणि नुसत्या मॉडेलवरून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये साधे पण असतात आणि भारी पण. सीरियल नंबर मात्र ज्याचा त्याचा. तो कंपनीच्या साइटवर टाकला, की आत काय काय बसवून पाठवलं होतं ते कळतं."

टिकलीने तळहात वाचून दाखवला. असा नंबरच नाही, असं साइटने सांगितलं.

"मग लॅपटॉपच खोटा आहे," गप्पूने जाहीर केलं.

"थांब जरा. टिकली, मधे ओ लिहिलायस का?"

"गप्पू ओ म्हणाला, मी ओ लिहिला."

"गोल होता, म्हणून ओ म्हटलं. माझं काय चुकलं?"

"तो शून्य असणार," चष्मिस म्हणाला. त्याने शून्य टाकलं आणि माहिती उघडली. सोळा जीबी रॅम, शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड.

"एवढा दांडगा आहे? मग रडतो कशाला?" गप्पूने विचारलं.

चष्मिसने ताईचा लॅपटॉप सरळ करून सुरू केला आणि सिस्टिमची माहिती काढली. रॅम चार जीबी. ग्राफिक्स कार्डाचा पत्ताच नव्हता. मग त्याने एक काळी खिडकी उघडून त्यात एक ओळ टाइप केली.

"लेबल नुसतं वरून चिकटवलेलं असतं," तो म्हणाला. "रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं ज्यावर बसवलेलं असतं, त्या आतल्या बोर्डावरही हाच नंबर भरलेला असतो. दोन्ही एकच असायला हवेत."

ते एक नव्हते.

"आतला बोर्डच बदललाय. लॅपटॉप बाहेरून ताईचा, आतून दुसऱ्याच कुणाचा."

"तो दुरुस्तीवाला चोर आहे! चला, धरू या त्याला!" गप्पू उठलासुद्धा. टिकली चपला शोधायला लागली.

चष्मिस उठला नाही. पडद्यावरचा नंबर त्याला ओळखीचा वाटत होता. नवा लॅपटॉप आला तेव्हा वॉरंटीसाठी त्याने असाच एक नंबर भरला होता. त्याने स्वतःचा लॅपटॉप पालथा करून लेबल पाहिलं. त्यावर तोच नंबर होता. मग सरळ करून त्यातही तीच ओळ टाइप केली.

झाकण मिटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. त्या खिडकीतलं बाकी दोघांना ओ की ठो समजत नव्हतं. एवढं हातात असूनही त्याने पडदा टिकलीकडे वळवला.

"वाच. तुझ्या हातावरचाच आहे."

टिकलीने वाचलं. तिला आनंद झाला नाही, भीती वाटली. दोन्ही लॅपटॉप काकांच्याच हातून घरात आले होते.

"बाबांना मीच विचारतो," तो म्हणाला. "तू विचारलंस तर ते तुला पोरकट ठरवतील."

संध्याकाळी सगळे जेवायला बसायच्या आत दोन्ही लॅपटॉप टेबलावर आले. चष्मिसने सगळं सांगितलं. काका हसले.

"काहीतरीच. लेबलं बघा ना, ज्याचं त्याच्याकडेच आहे."

"लेबलं आहेत, बाबा. आतल्या नंबरांची अदलाबदल झालीय."

"आत पण नंबर असतो?" काका बोलून गेले.

काकांचे कान लाल झाले आणि ते उलट चिडले. "मग काय बिघडलं? ती मांजरंच काढणार ना? याला पुढे इंजिनिअर व्हायचंय. वस्तू घरातल्या घरातच आहे."

"माझं वर्षाचं काम कुठे आहे, काका?" ताईने विचारलं. काकांनी ताट पुढे ओढलं.

"आधी पोरीची माफी मागा," टिकलीची आई म्हणाली. "दोघांनीही."

टिकलीच्या बाबांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांनी पोरांकडे पाहिलं. "शाब्बास. कमाल केलीत. एवढं आम्हालाही सुचलं नसतं. आता हे बाहेर कुठे बोलायचं नाही. गप्पू, तुलाच सांगतोय."



चष्मिसने आपला लॅपटॉप ताईपुढे सरकवला. "बोर्ड बदलत बसू नकोस. हाच घे."

ताईने तो उचलला आणि न जेवताच आत गेली. शनिवार दोन दिवसांवर आला होता.

काकांनी वातावरण हलकं करायला मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "काही म्हणा, पोराचं डोकं अगदी माझ्यावर गेलंय."

चष्मिसने खांदा काढून घेतला.

"असं परत म्हणू नका, बाबा," तो म्हणाला.